अख्ख्या वाडीचा उजवा डोळा

मी कमी बोलते. दवाखान्यात याला गुण समजतात, घरी आजार. या अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला, "सिस्टर, इतकी वर्षं लहान मुलांच्या डोळ्यांचं काम केलंत, काहीतरी लिहा ना," तेव्हा मी "बघते" म्हणाले. आमच्या ह्यांनी शेजारून खुलासा केला, "बघते म्हणजे नाही." खरोखर नाहीच म्हणणार होते. पण एक गोष्ट बरीच वर्षं पोटात होती आणि ती नुकतीच बाहेर पडली आहे. एकदा बाहेर पडलेलं परत आत जात नाही, एवढं मी प्रसूती वॉर्डातल्या उमेदवारीत शिकले होते. तेव्हा लिहिते.

आधी आमचं काम सांगते. डोळ्यांचा दवाखाना म्हटलं की लोकांच्या नजरेसमोर काळे चष्मे घातलेले आजोबा येतात. आमच्या विभागात आजोबा फक्त नातवंडाला धरायला येतात. मोतीबिंदू म्हातारपणीच होतो असं नाही, काही बाळं तो घेऊनच जन्माला येतात; बाहुलीत मधोमध पांढरा ठिपका, जणू कोणी तिथे तांदळाचा दाणा ठेवलाय. कोणाची पापणी जन्मापासून अर्धी खाली. कोणाच्या डोळ्याचं पाणी नाकात उतरायची वाट बंद, म्हणून बाळ हसतानाही रडतं. आणि कोणाचे डोळे इतके टपोरे की बारशाला आलेली प्रत्येक बाई बोटं मोडते. आम्ही मात्र तसे डोळे दिसले की आधी आतला दाब मोजतो. दुसऱ्याच्या बाळाच्या सौंदर्याचं कौतुक करायची सोय आमच्या धंद्यात राहत नाही. आमच्या नात्यातल्या बारशांना मला बोलावतात ते जरा बिचकतच.

बाळाच्या डोळ्यात औषध घालणं ही एक कला आहे. नवख्या मुली डोळा बोटांनी उघडायला जातात. बाळ तो असा मिटतं की आपल्या ताकदीची लाज वाटावी. तर मिटू द्यायचा. बाळाला उताणं ठेवायचं, नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब ठेवायचा आणि गप्प राहायचं. थोड्या वेळाने बाळाला राहवत नाही. बया गेली का बघायला ते डोळा उघडतं आणि थेंब आपोआप आत. आमचं निम्मं नर्सिंग बाळाच्या भोचकपणावर चालतं.

मुलं मात्र हे विसरत नाहीत. एकदा रविवार कारंजाच्या चौकात एक जुना पेशंट आईबरोबर दिसला. चार-पाच वर्षांचा. मला बघताच त्याने भर रस्त्यात डोळे घट्ट मिटले. आई म्हणाली, "अरे, सिस्टर आहेत, नमस्कार कर." तो मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "आधी तिला हात दाखवायला सांग."

मोठ्यांचं वेगळंच. देवळ्याकडचे एक आजोबा नातीला घेऊन आले. डोळा लालभडक.

"काय घातलंत, बाबा?"

"कांद्याचा रस. डोळा साफ होतो त्यानं."

"अहो, पोर किती रडली असेल!"

"रडली म्हंजेच साफ झाला ना." मग माझा चेहरा बघून त्यांना वाटलं, मला मालाविषयी शंका आहे. "साधा कांदा नव्हता, सिस्टर. उन्हाळ कांदा. कांदाचाळीतला, निवडून काढेल होता."

आणि इगतपुरीचा तो रेल्वेत नोकरीला असलेला मुलगा; वयाने मोठा, पण दुखणं जन्मापासूनचं म्हणून आमच्याकडे पाठवलेला. काही जणांच्या पापणीची नस जन्मतःच जबड्याच्या नसेशी जुळलेली असते. एरवी पापणी जरा झुकलेली, पण चावायला लागलं की ती टणाटण उडते. आजार म्हणावा तर दुखत नाही, खुपत नाही. हा मुलगा मात्र रडकुंडीला आला होता.

"सिस्टर, दोन ठिकाणी नकार आला."

"का?"

"पोहे."

मुलगी बघायला गेला की पोहे समोर यायचे. हा घास घ्यायचा, चावायचा आणि प्रत्येक घासाला समोर बसलेल्या मुलीच्या आईला डोळा मारायचा.

"आईकडे बघायचंच कशाला?" मी विचारलं.

"मग कुठे बघू? वडिलांकडे?"

आमच्या मॅडम, म्हणजे विभागाच्या डॉक्टर, त्याला ऑपरेशनचं नीट समजावत होत्या. मी कधी नव्हे ते मध्ये बोलले. "आधी सांगून टाका आणि मग पोहे मागा." त्याने तिसऱ्या ठिकाणी तसं केलं. त्या घरच्यांचा विश्वास बसेना, म्हणून पोह्यांनंतर चिवडा आला, मग लाडू, आणि मुलीच्या आजोबांनी खास कोपऱ्यावरून फुटाणे मागवले. लग्न तिथेच जमलं. लग्नात नवरीने घास भरवला, त्याची पापणी उडाली, आणि अख्ख्या मंडपाने टाळ्या वाजवल्या.

आधी सांगून टाका. किती सहज बोलून गेले मी. आता माझी गोष्ट.

पेठच्या पुढे डोंगरात एक वाडी आहे. तिथून आराध्या आली. वाडीत तिला आरू म्हणत. उजव्या डोळ्यात जन्मापासून मोतीबिंदू. आजीने 'फूल पडलंय, झडेल आपोआप' म्हणून वाट बघितल्यामुळे ऑपरेशनला पोर दीड वर्षाची होऊन गेली होती. ऑपरेशन छान झालं. पण मुलांच्या बाबतीत ऑपरेशन म्हणजे नुसतं दार उघडणं. आतलं घर अजून झोपलेलंच असतं. इतके दिवस मेंदूने सगळं बघायचं काम डाव्या डोळ्याकडून करून घेतलेलं असतं. उजव्याला कामाची सवयच नसते. चष्मा दिला तरी तो नुसता बसून राहतो. म्हणून चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायची, म्हणजे आळशाला बघावंच लागतं. हे लहान वयातच करायचं. वय गेलं की तो डोळा शिकत नाही, कितीही डोकं आपटा.

हे घरच्यांना समजावणं माझं काम. समोर आरूची आई यमुना, मांडीवर पिशवी. शेजारी आजी देवकाबाई, मांडीवर यमुनाच्यापेक्षा मोठी पिशवी. मागे आरूचे वडील काशिनाथ, खांद्यावर झोपलेली आरू.

"चांगला डोळा झाकायचा?" देवकाबाई म्हणाल्या. "आन् अधू उघडा ठेवायचा? तुला कोणी नर्स केली गं?"

एरवी मी छापील कागद हातात दिला असता. पण त्या दिवशी मला, माझ्या दुर्दैवाने, एक उदाहरण सुचलं.

"आजी, तुम्हाला सुना किती?"

"दोन."

"दोघी सारखंच काम करतात?"

बाकांवरच्या सगळ्या बायकांच्या माना एकदम आमच्याकडे वळल्या.

"कुठलं!" देवकाबाई म्हणाल्या. "ही धाकली करती. थोरली नुसती बसती."

"का बसते?"

"ही करती म्हणून."

"मग थोरलीला कामाला लावायचं तर काय कराल?"

देवकाबाईंनी खरोखर विचार केला. "हिला माहेरी धाडीन."

"हेच! डावा डोळा म्हणजे तुमची धाकटी सून. तिला रोज थोडा वेळ माहेरी पाठवायचं. मग थोरली झक मारत भाकऱ्या थापते की नाही बघा!"

यमुनाचा चेहरा उजळला. "म्हंजे मी माहेरी जाऊ?"

"तू नाय," देवकाबाई म्हणाल्या. "डोळा."

ओपीडीत जो हशा पिकला, तसा माझ्या बोलण्यावर जन्मात पिकला नव्हता. मखमलाबादकडची एक फुलवाली नातवाला घेऊन आली होती, ती सरकून पुढच्या बाकावर आली. "सिस्टर, सासवांवर पण सांगा ना एखादं." वॉर्डबॉय दारात थांबला. ज्या बाईला घरी जेवायला वाढतानाही दोन शब्द सुचत नाहीत, तिला असं श्रोत्यांनी घेरलं तर काय होणार? मी चढले.

"पोरगी पट्टी ओढून काढणार," मी म्हणाले, अगदी कीर्तनात असल्यासारखी. "मग काय करायचं? घरात सगळ्यांनी लावायची! आईने, आजीने, बापाने. सगळ्यांच्या डोळ्याला पट्टी दिसली की ती म्हणेल, मलाही द्या. माझ्यासारखी लावा. अशी!" आणि एक पट्टी सोलून मी माझ्या डाव्या डोळ्यावर चिकटवली.

यमुना माझ्यासमोरच बसली होती. तिने माझ्याकडे बघत आपला तळवा डोळ्यावर ठेवला. आरशात बघताना ठेवतो तसा. माझ्या डाव्या डोळ्यासमोर तिचा उजवा होता. मला दिसलं ते एवढंच, की तिचा आणि माझा झाकलेला डोळा अगदी समोरासमोर आहे. "शाब्बास!" मी म्हणाले. "अगदी बरोबर!"

आमच्यात एक नियम आहे आणि नवीन मुलींना तो मीच शिकवते. पट्टी आधी मुलाला आपण लावायची, तोंडाने डावा-उजवा मोठ्याने म्हणायचं, मग काढून आईकडून लावून घ्यायची, मगच सोडायचं. आरू झोपली होती, तिला उठवलं तर किंचाळली असती आणि माझा रंगलेला प्रयोग पडला असता. खाली जीपवाला हॉर्न वाजवत होता. फुलवाली सासूवरच्या किश्श्याची वाट बघत होती. मी पट्ट्यांचं पाकीट यमुनाच्या पिशवीत टाकलं आणि सासूकडे वळले.

महिना-दीड महिन्याने खालून सिक्युरिटीवाल्याचा फोन आला. "सिस्टर, लवकर या. साथ आलीय."

जिन्यावरूनच बघितलं. काळीपिवळी जीपमधून माणसं उतरत होती आणि प्रत्येकाच्या एका डोळ्यावर पट्टी होती. काशिनाथ. देवकाबाई. कामाला न लागलेली थोरली सून. शेजारचे दोघे. पाकिटातल्या पट्ट्या केव्हाच संपल्या होत्या, म्हणून त्यांनी कापडाच्या शिवल्या होत्या आणि त्यांना इलॅस्टिक लावलं होतं. ते कशातून काढलं होतं ते काशिनाथच्या पँटीवर सारख्या जाणाऱ्या हातावरून कळत होतं. शेवटी ड्रायव्हर उतरला. त्यालाही पट्टी.

"अहो, तुम्ही पण?" मी किंचाळले. "घाटातून अशी गाडी चालवली?"

"नाय, नाय. घाटात काढेल होती. पेठ नाक्यावर परत लावली. पोरगी ओरडती ना, मामा तुझी कुठंय म्हणून."

मी हसत होते. सगळा दवाखाना हसत होता. अख्खी वाडी पट्ट्या लावून हिंडते, शाळेतले गुरुजी फळ्यावर लिहिताना लावतात, एकाने बोकडाला लावली होती ती त्याने खाल्ली, अशी एकेक बातमी काशिनाथ सांगत होता. आरू आईच्या कडेवर होती, छान पट्टी लावून, मुकाट. इतकी गुणी पट्टी लावणारी पोर मी बघितली नव्हती. मी मोबाइल काढून सगळ्यांना एका ओळीत उभं केलं. फोटोत बघताना माझ्या लक्षात आलं.

सगळ्या पट्ट्या उजव्या डोळ्यावर होत्या. देवकाबाईंची, ड्रायव्हरची आणि आरूचीही. अधू डोळा झाकून जपायचा, असं घरच्यांच्या मनात आधीपासून होतंच; त्यात मी यमुनाला 'अगदी बरोबर' म्हटलं होतं.

म्हणजे ज्या डोळ्याला कामाला लावायचं त्यालाच आम्ही दीड महिना कोंडून ठेवलं होतं. आरू पट्टी ओढत का नव्हती तेही कळलं. चांगला डोळा उघडा होता, तिला कशाला त्रास होतोय?

मॅडमनी तपासलं. डावा झाकून खेळणं पुढे धरलं तर आरू रडून हात झटकायला लागली. ऑपरेशननंतर जेमतेम उजेडाकडे वळायला लागलेला डोळा परत झोपला होता. मॅडम मनाने फार चांगल्या आहेत, पण चिडल्या की पारोळ्याच्या मिरचीसारख्या.

"ऑपरेशनच्याच डोळ्याला पट्टी? कोणी सांगितलं असं करायला?"

यमुनाने माझ्याकडे बघितलं.

मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघितलं. गेली कितीतरी वर्षं तो तिथे आहे, मला पाठ आहे. तरी वरच्या ओळीपासून वाचायला लागले.

"माझंच चुकलं," यमुना म्हणाली.

मग मॅडमनी तिला बोल लावले, आणि खोलीबाहेर गेल्यावर देवकाबाईंनी त्यांच्या भाषेत पुन्हा लावले, ते दारातून मला ऐकू येत होते. मी त्यांच्या मागे गेले, ती पट्ट्यांचं नवं पाकीट द्यायला. या वेळी दहा वेळा 'डावा, डावा' म्हणाले. कोणी हसलं नाही. मीही आणखी काही म्हणाले नाही. कमी बोलण्याच्या गुणाचा असा उपयोग मी त्याआधी कधी केला नव्हता.

पुढच्या तारखेला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. काशिनाथला फोन केला तर म्हणाला, "आईनं पट्टी बंद केली, ताई. यमुनाच्या हातात पोरगी देत नाय ती औषधाला." डोळा शिकण्याचे दिवस निघून चालले होते. चुकीची पट्टी वाईट. पण ती चूक लवकर सुधारली तर डोळा परत शिकतो. पट्टीच नाही म्हटल्यावर संपलंच. आणि पट्टी का नाही? कारण आईवर भरवसा उरला नाही. आणि भरवसा का नाही? कारण मी तक्ता वाचत होते.

दोन-तीन दिवसांची जोडून सुट्टी काढून मी पट्ट्यांची पिशवी घेतली आणि पेठची जीप धरली. नेमकी तीच जीप. ड्रायव्हरने विचारलं, "सिस्टर, मी लावू का परत?" म्हटलं, "तुम्ही फक्त पुढे बघा."

वाडीत शिरले. पट्ट्यांचा खेळ तिथे चांगलाच रुजला होता. ओट्याओट्यावर पोरं एक डोळा बांधून एकमेकांच्या अंगावर पडत होती. एक कोंबडीमागे धावत होता आणि प्रत्येक वेळी हातभर अलीकडेच झडप घालत होता. सगळ्या वाडीत डोळ्याला पट्टी नसलेलं एकच पोर होतं, आरू. ती आजीशेजारी बसून हिरमुसल्या तोंडाने खेळ बघत होती.

देवकाबाई नागली, म्हणजे नाचणी, पाखडत होत्या. सुपावरून नजर न काढता म्हणाल्या, "पट्टी लावायला आली असशील तर पाणी पी आन् जा."

"पट्टीचं नंतर," मी म्हणाले. "आजी, यमुनाने चूक केली नाही. मी केली. मी समोर बसून दाखवलं, तिने समोरून बघून तसंच लावलं, आणि मी शाब्बास म्हणाले. मॅडमनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले."

सूप थांबलं. यमुना चुलीपाशी होती, तीही थांबली. पोरंसुद्धा पट्ट्या वर करून दोन्ही डोळ्यांनी बघायला लागली.

"पुन्यांदा सांग," देवकाबाई म्हणाल्या. "मोठ्यांदा. थोरली घरात हाय, तिला ऐकू जाऊ दे."

मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "चूक तुझी. शिव्या खाल्ल्या हिनं. आता फेडशील कशी?"

"तुम्ही म्हणाल तशी."

"यमुने," देवकाबाई म्हणाल्या, "पिशवी भर. दोन दिस माहेरी जाऊन ये. तवर धाकली सून ही हाय." मग माझ्याकडे वळून, "आन् पट्टी लावून काम करायचं. पोरीला काय होतं ते कळू दे तुलाबी."

यमुना दुसऱ्यांदा विचारायला थांबली नाही. माझं काही म्हणणं व्हायच्या आत ती शेजारच्या वाडीची पायवाट चालायला लागली होती.

एक डोळा झाकला की अंतर समजत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि शेकडो आयांना सांगितलं होतं. प्रत्यक्ष कळलं ते चहा ओतताना. चहा कपाशेजारी गेला. दुसरा कपही तसाच. काशिनाथने आपला कप स्वतःच सरकवून धारेखाली आणला. नागलीची भाकरी मला दोन्ही डोळ्यांनीही जमत नाही. एका डोळ्याने ती तव्यावर टाकायला गेले तर निम्मी चुलीच्या कडेवर आणि निम्मी माझ्या मनगटावर. पोरांनी दारात गर्दी केली. थोरली सून मदतीला उठली, तर देवकाबाईंना चक्करच यायची बाकी राहिली. "उठली गं बाई," त्या म्हणाल्या. "सिस्टरची पट्टी लागू पडली."

आणि आरू हसायला लागली. मी विळी उचलायला हात पुढे करायचे आणि हाताला हवा लागायची, की ती पोट धरून हसायची. चौथ्यांदा असं झालं तेव्हा ती उठून आली, विळीच्या पाटावर हात ठेवून म्हणाली, "हितं हाय." तेवढ्यात मी तिला मांडीवर घेतलं.

"डावा," मी मोठ्याने म्हणाले.

"डावा," देवकाबाई म्हणाल्या.

"डावा!" दारातली सगळी पोरं ओरडली. एकाने उजवा म्हटलं, त्याला बाकीच्यांनी चोपलं.

पट्टी बसली. आरूने ती ओढली, मी परत लावली, तिने परत ओढली. रडली, लोळली, मला चावलीदेखील. या वेळी तिला खरोखर त्रास होत होता आणि तिच्या त्या रडण्याने मला मेलीला बरं वाटत होतं. संध्याकाळपर्यंत ती अंगणात चाचपडत का होईना, पण उजव्या डोळ्याने बाकीच्या पोरांमागे फिरत होती. त्यांच्यात आणि तिच्यात आता काही फरक नव्हता.

तिसऱ्या दिवशी यमुना परत आली ती टवटवीत होऊन. मी तिला म्हणाले, "आता गेल्यावर मॅडमनाही सांगते."

"नका हो, ताई," ती म्हणाली. "तुमच्या नोकरीचं काही झालं म्हंजे? माझं काय, मी ऐकून घेतलं, झालं."

तिचं हे ऐकायला नको होतं. मी फारच पटकन ऐकलं. वाडीसमोर सांगितलं की मन हलकं होईल अशी माझी समजूत होती. ज्या माणसाची मला भीती वाटत होती, त्याला मात्र सांगितलं नव्हतं. पुढे वर्षानुवर्षं यमुना आरूला घेऊन येत राहिली, पावसात घाट बंद असला तरच चुकायची. मॅडम दर वेळी कौतुक करायच्या आणि दर वेळी शेवटी म्हणायच्या, "पहिल्यांदा तेवढा घोटाळा केला नसतात तर." यमुना मान हलवायची. मी डोळ्यात थेंब घालायची तयारी करत असायचे.

आरू आता तिसरीत आहे. गेल्या उन्हाळ्यात आली तेव्हा तक्त्यासमोर मीच तिला बसवलं. जाड चष्मा, दोन वेण्या, तोंडाचा पट्टा चालू. "ताई, आमच्या गुरुजींना आता खरंच चष्मा लागला." तिचा डावा डोळा मी झाकला आणि उजव्याने वाचायला सांगितलं. वरचं मोठं अक्षर वाचलं. दुसरी ओळ वाचली. तिसरी, थांबत थांबत. चौथीतलं एक अक्षर वाचलं, दुसरं चुकलं, मग गप्प झाली. मान तिरकी करून बघितली, चष्मा नाकावर दाबून बघितला. पुढे येईना. दीड महिना वाया गेला नसता तर आणखी एक ओळ आली असती का? मॅडमना ठाऊक नाही, मला नाही, कोणालाच कधी कळणार नाही. ऑपरेशनच उशिरा झालं होतं. पण मी तिच्यामागे उभी होते आणि तिच्यापेक्षा जोर लावून ती ओळ वाचत होते.

मॅडम आत आल्या, तक्त्याकडे बघितलं, आरूच्या पाठीवर थाप मारली. "छान. खूप छान. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या डोळ्याने एवढं वाचलं म्हणजे कमाई आहे." मग यमुनाकडे वळून, हसून, सवयीने, "सुरुवातीला तेवढी चूक केली नसतीत, तर कदाचित आणखी एखादी ओळ आली असती, नाही का?"

यमुनाने सवयीने मान हलवली.

"मॅडम," मी म्हणाले, "ती चूक यमुनाची नव्हती. माझी होती. पट्टी मी समोर बसून दाखवली, मुलीला लावून दाखवली नाही. तिने उलट्या डोळ्यावर हात ठेवला आणि मीच बरोबर म्हणाले. तुम्ही विचारलंत तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. मी बोलले नाही."

मॅडमनी चष्मा काढला. मग परत घातला. "इतकी वर्षं?" त्या म्हणाल्या. मग माझ्याऐवजी यमुनाकडे बघून म्हणाल्या, "आणि मी दर वेळी तुम्हाला..." यमुना पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. मी मोकळ्या हाताने नाक पुसत होते.

आरूचा डावा डोळा अजून माझ्या हाताखाली झाकलेला होता. तिला वाटलं, हे सगळं आपण कमी वाचल्यामुळे चाललंय. ती तक्त्याकडे तोंड करूनच हळूच म्हणाली, "ताई, रडू नका. पुढची ओळ अंदाजानं सांगू का?"

आधी मॅडम हसल्या. मग मीही.

"नको गं," यमुना म्हणाली. "दिसतं तेवढंच सांग."